खेतडी : तांब्याच्या गावी आपण काय पाहिले?

विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम) व्यावसायिक भारतभर पसरलेले असल्याने आपल्यापैकी अनेकांचे राजस्थानातील खेतडीला जाणे झाले असेल. तेथील ठिकाणे आणि सोयी यांविषयी स्वतः अनुभवले तेवढेच लिहावे, ही विनंती.

विटा (सध्या दिल्ली) : तेजाबात (तीव्र आम्लात) विरघळलेली चांदी पुन्हा खाली पाडण्यासाठी आम्ही तांबे वापरतो, तीस वर्षे ते हाताळूनही त्याची खाण मी पाहिली नव्हती. दिल्लीहून खेतडी सुमारे १८० किमी आहे. मात्र जुने संस्थानी खेतडी वेगळे आणि हिंदुस्थान कॉपर या सरकारी तांबे कंपनीची वसाहत असलेले खेतडीनगर वेगळे, हे मला बसमधून उतरल्यावर कळले. वसाहतीला तेथे नुसते ‘कॉपर’ म्हणतात, म्हणून तिकीट काढतानाच कोठे उतरायचे ते ठरवावे. खाणीत परवानगीवाचून प्रवेश नाही. तांबे वितळवण्याचा कारखाना २००८ मध्ये थांबला. माझ्यासारख्या भट्टीवाल्याला तीच थंड भट्टी मनाला अधिक लागली.

सांगली : आम्ही विवेकानंदांसाठी गेलो होतो. ते १८९१ मध्ये प्रथम येथे आले आणि शिकागोच्या प्रवासास खेतडीचे राजा अजितसिंह यांनी साहाय्य केले, हा इतिहास फतेहविलास महालातील रामकृष्ण मिशनच्या संग्रहालयात निवांतपणे पाहता येतो. त्यासाठी अर्धा दिवस राखावा. पन्नालाल शहा तलाव जवळच आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचे पाणी फुटांत मोजत पावसाळा काढणाऱ्या आम्हा सांगलीकरांना, त्या बांधीव तलावाच्या पायऱ्या पाण्याचा थेंबही न लागता शेवटपर्यंत उतरताना चमत्कारिक वाटले.

तासगाव : ‘खेतडी महाल’ खेतडीत शोधू नये. तो झुंझुनू शहरात आहे. आमचे दोन तास गेले.

आटपाडी : खेतडीच्या भोपालगड किल्ल्याची चढण गुडघ्यांना झेपेल तरच करावी, वरून गाव आणि डोंगररांगा एकत्र दिसतात. मला मात्र अधिक भावले ते नीमका थाना परिसरातील गणेश्वर. तेथे गरम पाण्याचा झरा आहे, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील तांब्याची बाणाग्रे, बांगड्या, मासे धरण्याचे गळ अशा शेकडो वस्तू तेथील उत्खननात मिळाल्या आहेत. ते गळ ज्या कांतली नदीच्या खोऱ्यातले, तिचे पात्र ओलांडताना आमच्या गाडीची चाके भिजलीसुद्धा नाहीत.