पेनी ब्लॅकची प्लेट कशी ओळखू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात मला पेनी ब्लॅक (ब्रिटनचं १८४० चं, जगातलं पहिलं टपाल तिकीट) लावलेलं एक पत्र मिळालंय. पाकीट नाही, कागदच घडी घालून लाखेनं बंद केलेला. आत तारीख मार्च १८४१.

तिकिटाला तीन बाजूंनी छान समास आहे, चौथ्या बाजूला मात्र कात्री चौकटीला घासून गेलीय. (तेव्हा छिद्रं नव्हती, हातानंच कापायचे.) खालच्या कोपऱ्यांत डी आणि के. शिक्का माल्टीज क्रॉसचा, काळा. आधी तो लाल असायचा, फेब्रुवारी १८४१ पासून काळा झाला, म्हणजे तारीख जुळते.

अडतंय ते पुढे. २४० तिकिटांच्या प्रत्येक शीटवर डी-के असतंच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून प्लेट (शीट छापायचा धातूचा साचा) कळत नाही. अक्षरं प्रत्येक प्लेटवर हातानं ठोकलेली, तेव्हा चौकटीतली त्यांची जागा ताडून पाहावी लागते. हे तुम्ही नेमकं कसं करता? स्कॅन किती मोठा लागेल? अकरावी प्लेट दुर्मीळ, म्हणून घाईनं ठरवायचं नाहीये.

एकानं वॉटरमार्क (कागदातली जलखूण) पाहण्यासाठी तिकीट भिजवून काढायला सांगितलं. माझं मन अजिबात धजावत नाही, पत्रासकट असण्यातच त्याचा इतिहास आहे. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र कुणी घेतलं असेल तर अनुभव जरूर सांगा.