मदत हवी आहे : जुन्या संगणकासोबत विंडोजचा परवाना देण्याबाबत

सांगलीतील माझा असेंबल केलेला डेस्कटॉप मिरजेच्या एका विद्यार्थ्याला विकायचा आहे. त्यावरील विंडोज ११ प्रो मी खोक्यासह स्वतंत्र विकत घेतले होते आणि कमांड प्रॉम्प्टमध्येही परवाना 'रिटेल' दिसतो. म्हणजे ओईएम (नव्या संगणकासोबतच कंपनीकडून मिळणाऱ्या) परवान्याप्रमाणे तो त्याच यंत्राशी कायमचा बांधलेला नाही. मात्र तो माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे. संगणक रीसेट करून खात्यातील उपकरणांच्या यादीतून काढल्यास ॲक्टिव्हेशन (विंडोज अधिकृत असल्याची नोंद) टिकेल का, आणि पुढे मदरबोर्ड बदलावा लागल्यास त्या मुलाला अडचण येऊ नये म्हणून २५ अक्षरी कीचे कार्ड व बिल त्याच्याकडे सोपवणे पुरेसे ठरेल का? दुकानदार परवान्याशिवायच विंडोज 'फुकटात टाकून देतो' म्हणतात, पण तो मार्ग मला नको. ज्यांनी असे हस्तांतर केले आहे, त्यांनी कृपया क्रम सांगावा.