मदत हवी आहे: बांधीतलं सारसाचं पिल्लू, माझा कॅमेरा आणि दुखावलेले काकाजी

नमस्कार मंडळी,

प्रश्न तीन आहेत. पहिला माझ्याच हातून झालेल्या चुकीचा आहे, म्हणून तोच सविस्तर लिहिते. बाकीचे दोन फोटोचे आणि ओळखीचे, ते शेवटी.

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. सासरही इथलंच. गावाला मामा तलाव आहे (बाहेरच्यांसाठी: माजी मालगुजारी तलाव) आणि पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) खाली सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. दोन वर्षांपूर्वी जुना कॅनन १५००डी आणि ५५-२५० ची लेन्स घेतली. पावसाचा जोर ओसरला की मी रोज सकाळी मामाजींबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, निघते. ते बांधीतलं पाणी बघतात, मी पाखरं बघते. साडेसातला घरी, दहाला शाळेत.

अश्विनातले हे दीड-दोन तास मला वर्षभर पुरतात. धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) गवत दवानं इतकं ओलं असतं की सलवार गुडघ्यापर्यंत भिजते. हलका (लवकर येणारा) धान पिवळा पडायला लागलेला, भारी (उशिरा येणारा) धान अजून हिरवा. तलावावर अडई, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या असतातच, आणि ऑक्टोबर लागला की धोबी येऊन पाळीवर शेपूट हलवत फिरतात. पहिला धोबी दिसला की मामाजी म्हणतात, ‘चला, पाऊस गेला.’

यंदा काकाजींच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं. काकाजी म्हणजे आमचे शेतशेजारी. रोवणी (भाताची लावणी) झाल्यावर त्यांना अंडी दिसली, तेव्हापासून त्यांनी घरट्याच्या भोवतालचा तुकडा निंदलाच नाही. तिथं धानापेक्षा गवत जास्त वाढलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘पाहुणे आहेत, राहू द्या.’ सप्टेंबरात एक पिल्लू बाहेर पडलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला ते जवळून बघायला मिळालं. मी धुऱ्याआड बसले होते. पिल्लाचं डोकं आणि मान दालचिनीच्या रंगाची, पिसांनी झाकलेली, मोठ्यांसारखी लाल उघडी कातडी अजून आलेली नव्हती. दोघांतल्या जराशा बुटक्या सारसानं (ती मादी असं मी धरून चालते) चिखलातून एक गोगलगाय काढली, चोचीत दोनदा फिरवली आणि पिल्लापुढे पाण्यात ठेवली. पिल्लानं उचलली, पाडली, पुन्हा उचलली, पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा गिळली. तेवढा वेळ मादी मान खाली घालून तशीच उभी होती. त्यातला एक फोटो बरा आला.

तो फोटो मी तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली गावाचं नाव आणि ‘तलावाच्या पाळीखाली’ असं लिहिलं. ही माझी चूक. कौतुकाच्या भरात लिहिलं, पण लिहिलं मीच.

पुढच्या रविवारी तीन गाड्या आणि पाच-सहा मोटरसायकली आल्या. मी तेव्हा घरी होते. मामाजींनी सांगितलं ते असं: दोघं-तिघं थेट बांधीत उतरले, उभ्या धानातून. पिल्लू पळत सुटलं, नर पंख पसरून आडवा उभा राहिला, तर त्याचेच फोटो काढायला आणखी लोक पुढे सरसावले. जोडी पिल्लाला घेऊन चालत चालत विजेच्या तारांच्या बाजूला निघून गेली. पाच दिवस ती कोणालाच दिसली नाहीत. सहाव्या दिवशी मला पलीकडच्या बोडीत (लहान तळ्यात) दिसली. तिघंही आहेत. त्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

काकाजींचा धान मात्र तुडवला गेला. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘पोरी, पुढच्या साली मी रोवणीच्या आधीच हाकलून लावीन त्यांना. मला नाही परवडत.’

म्हणून विचारते:

पहिलं, काकाजींचं मन कसं वळवू? नुकसानीचे पैसे द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. आणि पिल्लू लहान असताना मी किती लांब राहायला हवं?

दुसरं, माझे बहुतेक फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात. धानातल्या पक्ष्यावर फोकस बसत नाही, पुढच्या लोंबीवर बसतो. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर काढलेले तर पाण्यातून काढल्यासारखे दिसतात.

तिसरं, गेले आठ दिवस एक शिकारी पक्षी बांध्यांवरून अगदी खालून उडतो. तपकिरी, पंख वर उचलून व्हीसारखे धरतो, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. घार नाही. कोण असेल?

प्रतिसाद १ (तलावकाठी)

ताई, तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. हा भोवत्या (इंग्रजीत हॅरिअर). मादी किंवा या वर्षीचं पिल्लू. ते दूर उत्तरेतून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात, दिवसभर शेतांवरून आणि गवताळ माळांवरून असेच फिरतात आणि रात्री जमिनीवर, गवतात उतरतात. फिकट भोवत्या की मोंटेगूचा, हे माद्यांमध्ये ओळखणं अवघड जातं. बाजूनं चेहऱ्याचा फोटो मिळाला तर बघा: गालावरच्या गडद डागामागे मानेला फिकट कॉलर स्पष्ट असेल तर फिकट भोवत्याकडे झुकता येईल. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यावरून ठरवू नका, तो दोघींनाही असतो.

आता सारस. तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. सारसाच्या पिल्लाला नीट उडता यायला सुमारे तीन महिने लागतात. सप्टेंबरात बाहेर आलेलं पिल्लू डिसेंबरपर्यंत पायांच्याच भरवशावर असतं. मोठे दोघे उडून जाऊ शकतात, ते जाऊ शकत नाही, म्हणून सगळं कुटुंब चालत गेलं. पळवलेलं पिल्लू दमतं, दाट धानात आईबापांपासून तुटतं आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. तिघंही दिसली हे नशीब.

किती लांब याचं एकच माप नाही. मी पक्ष्याकडे बघून ठरवतो. सारस चरत असेल, मान खाली जात असेल, तर तुम्ही ठीक आहात. दोघांनीही एकदम मान ताठ केली, चरणं थांबवलं, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथं फोटो घेत बसायचं नाही, मागं फिरायचं. पिल्लू असेल तर मी शंभर मीटरच्या आत जात नाही, आणि घरट्यावर असतील तर लेन्स काढतच नाही.

आणखी एक निरीक्षण, बरंच जुनं. बांधीत काम करणाऱ्या माणसाला सारस खूप जवळ येऊ देतो. कॅमेरेवाल्याला देत नाही. कारण शेतकरी आपल्या वाटेनं जातो, त्याच्याकडे बघत नाही. आपण थांबतो, वाकतो, रोखून बघतो आणि सरळ त्याच्याच दिशेनं चालत जातो. बिबट्या तेच करतो. तेव्हा तिरकं चाला, मामाजींबरोबरच राहा, आणि बसायचं असेल तर पक्षी यायच्या आधी जाऊन बसा.

प्रतिसाद २ (धुऱ्यावरून)

ताई, मी भंडारा जिल्ह्यातला, घरचा धान आहे. काकाजींच्या बाजूनं सांगतो.

त्यांनी पैसे घेतले नाहीत हे बराबर आहे. ज्या माणसानं पाखरासाठी तुकडा निंदला नाही, त्याला धानाचा हिशेब नको आहे. त्याच्या बांधीत लोक न विचारता उतरले, त्याचं दुःख आहे त्याला. आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधीत पाय ठेवायचा तर धुऱ्यावरून हाक मारतात.

तुम्ही असं करा. हलका धान आता कापणीला येऊन राहिला. कापणीच्या दिवशी मामाजींना आणि घरच्यांना घेऊन विळा हातात घेऊन जा. कडपा (कापलेल्या धानाच्या पेंढ्या) घालायला लागा. काही बोलायची गरज नाही. आणि तो गोगलगायीचा फोटो मोठा छापून त्यांना नेऊन द्या, त्यांच्या घरच्या भिंतीसाठी. तो फोटो पहिल्यांदा त्यांना दाखवायला पाहिजे होता, असं मला वाटते. राग मानू नका.

हार्वेस्टर लावणार असतील तर आधी एक चक्कर मारून पिल्लू कुठं आहे ते बघा. मशीन एका बाजूनं कापत गेलं तर त्याला निघायला वाट राहते. चारही बाजूंनी कापत आत गेलं तर ते मधातच अडकते.

आणि एक महत्त्वाचं. या दिवसांत रानडुकरांसाठी काही जण रात्री तारेत करंट सोडतात. कायद्यानं बंदी आहे, तरी सोडतात, आणि त्यात माणसंही गेली आहेत. नीट उजाडल्याशिवाय ओळख नसलेल्या धुऱ्यावर पाय टाकू नका. तुमच्या तालुक्यात जंगल लागून आहे, तेव्हा एकट्यानं तर जाऊच नका.

प्रतिसाद ३ (उशिरा उठणारा फोटोग्राफर)

दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. १५००डी मध्ये फोकसचे नऊच बिंदू आहेत आणि ऑटोवर ठेवलं की तो सर्वांत जवळची वस्तू धरतो, म्हणजे तुमची लोंबी. फक्त मधला बिंदू निवडा, तो सारसाच्या मानेच्या मुळावर धरा, फोकस झाला की बटण अर्धं दाबून ठेवूनच चौकट जुळवा. उडत्या भोवत्यासाठी एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणारा मोड), शटर १/१६०० च्या पुढे, आयएसओ ऑटो. उभ्या सारसाला १/५०० पुरतं. तुमची २५० ची लेन्स या बॉडीवर ४०० सारखी दिसते, त्यामुळे शंभर मीटरवरचा सारस चौकटीत लहानच येणार. येऊ द्या. धान, धुकं आणि त्यात तीन सारस, हा फोटो नुसत्या डोक्याच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो.

नऊनंतरचं पाण्यासारखं दिसणं हा लेन्सचा दोष नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ओल्या बांधीवरची हवा तापून हलते. महागडी लेन्सही तिथं हरते. साडेआठला कॅमेरा बंद करा. घरातून थंड कॅमेरा दमट हवेत काढला तर काचेवर वाफ धरते, तेव्हा पिशवी अंगणात पंधरा मिनिटं आधी ठेवा.

प्रतिसाद ४ (तलावकाठी)

एक राहिलं. ठिकाणाबद्दल: फोटो टाकायचाच असेल तर जिल्ह्याचं नाव पुरे, आणि तोही पक्षी तिथून हलल्यावर. मोबाइलनं काढला असेल तर लोकेशन बंद करूनच काढा. मात्र वनपरिक्षेत्र कार्यालयाला नेमकं ठिकाण लेखी कळवा, तारांचा उल्लेख करून. तारांना धडकून सारस मरतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती, त्यामुळे तुमचा अर्ज निव्वळ कागद राहणार नाही अशी आशा आहे. राज्यात हा पक्षी आता पूर्व विदर्भापुरता उरला आहे, एकेक पिल्लू मोजावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भंडाऱ्याच्या दादांचं बोलणं लागलं, पण खरं आहे. फोटो पहिला काकाजींनाच दाखवायला हवा होता.

काल कापणी होती. मामाजी, जाऊबाई आणि मी गेलो. काकाजींनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, मग स्वतःच आपल्या डाव्या बाजूची ओळ मला दाखवली. दुपारपर्यंत कडपा घातल्या. जेवताना छापलेला फोटो दिला. त्यांनी तो हात पुसून घेतला, उन्हात तिरका धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘हे तोंडात काय आहे त्याच्या?’ गोगलगाय आहे म्हटलं. मग त्यांनी तो नातवाला दाखवला आणि पिल्लू कुठल्या कोपऱ्यात बाहेर पडलं होतं ते हात करून सांगत बसले.

पुढच्या सालाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अर्ज लिहून तयार आहे. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात चौथीच्या मुलांना पाळीवर नेणार आहे, सारस बोडीच्या बाजूला असतील तर लांबूनच, दुर्बिणीतून. काकाजींना मुलांशी बोलायला बोलावलं आहे. येतो म्हणाले.

आता एकच राहिलं: बावीस मुलांसाठी शाळेत एकच दुर्बीण आहे. गोंदिया, भंडारा, साकोलीकडे कोणाजवळ एक-दोन दिवसांसाठी देता येईल अशी दुर्बीण असेल तर इथंच कळवा, मी येऊन घेऊन जाईन आणि स्वतः परत आणून देईन.