कानाचा दडा सुटतच नसेल तर सरळ सीटी स्कॅन का करू नये?

घोट्यातला_आवाज: दीड वर्ष डाव्या कानाला दडा. घाट चढताना बसतो ना तस्साच, फक्त आवंढा गिळून सुटत नाही. मळ काढला, नाकात स्प्रे मारले, वाफारे घेतले, एकाने पडद्यात ग्रॉमेट, म्हणजे हवा जायची बारीक नळी, टाकूया म्हटलं. रात्री डोळे इकडून तिकडे फिरवले की कानात पॉलिश पेपर घासल्यासारखा आवाज यायचा, कुरमुरे खाताना बायको काय बोलते ते कळायचं नाही आणि कुकरची शिट्टी झाली की ओटा तिरका व्हायचा, हे सांगितलं की लोक तोंडाकडे बघायचे. चौथ्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या घोट्यावर टेकवला, आवाज आला डाव्या कानात! सीटीत निघालं, आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरच्या हाडाला भोक. या आजाराला म्हणतात एसएससीडी. 1998 सालीच वर्णन झालंय, लॉइड मायनर यांनी, जॉन्स हॉपकिन्समध्ये. माझं म्हणणं, पडदा स्वच्छ असून दडा तीन महिने टिकला तर सीटी कराच.

चहा_बिस्किट: साफ असहमत. ऑडिओलॉजीत काम करते म्हणून सांगते, रोज दड्याचे पेशंट येतात आणि बहुतेकांचं घशाकडच्या नळीचं, जबड्याच्या सांध्याचं नाहीतर मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचं निघतं. 2000 सालच्या एका अभ्यासात मृतांच्या कानाची 1000 हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती, भोक असलेली हाडं 0.5 टक्के, अजून 1.4 टक्के अगदी पातळ. सीटीत पातळ हाडसुद्धा भोकासारखं दिसतं, मग जबडा दुखणारा माणूस कवटीला भोक आहे म्हणून झोप घालवून बसणार. आधी ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची तपासणी, मग व्हेम्प, म्हणजे आवाजाला तोलाचा अवयव कसा प्रतिसाद देतो त्याची चाचणी, ते जुळलं तरच सीटी, तोही बारीक कापांचा.

घोट्यातला_आवाज: अहो ताई, ऑडिओग्रामनेच तर घोळ घातला. खालच्या सुरांचं ऐकणं कमी म्हणून ऑटोस्क्लेरोसिस सांगितलं, म्हणजे मधल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं हाड घट्ट होणं, त्या हाडाच्या ऑपरेशनची तारीख घेणार होतो.

चहा_बिस्किट: मग रिफ्लेक्स, म्हणजे मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आखडतो तो, तपासला नव्हता का? ऑटोस्क्लेरोसिसमध्ये तो सहसा जातो, एसएससीडीत शाबूत असतो. हा मशीनचा दोष नाही, अर्धवट तपासणीचा आहे.

घोट्यातला_आवाज: तो चौथ्यांनीच केला. शाबूत होता. इथे तुमचं बरोबर, पण गावात व्हेम्पचं मशीन कुठे असतं? सीटी तालुक्यालाही होतो.

रिकामी_ओसरी: पण हाडाला भोक पडून कान भरल्यासारखा का वाटावा?

चहा_बिस्किट: आतल्या कानाला दोन खिडक्या, एकीतून आवाज आत येतो, दुसरीतून दाब सुटतो. भोक म्हणजे तिसरी. बाहेरच्या आवाजाचा जोर तिथून गळतो, शरीरातले आवाज मात्र मोठे होतात आणि तोल सांभाळणारी नळी विनाकारण हलते.

माजघर: मला सहा वर्षं झाली, ऑपरेशन केलं नाही. भोक बुजवतात, कवटीच्या बाजूने नाहीतर कानामागून, पण ऐकू कमी येण्याचा धोका असतो आणि माझं त्यावाचून चाललंय. शिंक दाबत नाही, जड उचलत नाही. फक्त विसर्जनाच्या दिवशी ढोल लागायच्या आत घराला कुलूप लावून बहिणीकडे जाते.