पिलांकडे पाहूनच ऊब ठरवावी
कोंबडीची पिले कोपऱ्यात चेंगरून मरत असल्यास ऊब देणारा बल्ब वाढवावा, असा सल्ला दिला जातो; तो मला अपुरा वाटतो. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि पुढे ते दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवावे, हे खरे. परंतु पिले बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, आणि चोच उघडी ठेवून कडेला सरकत असतील तर ती जास्त आहे, हे रात्री उठून डोळ्यांनीच पाहावे लागते. चिक गार्ड, म्हणजे पिलांभोवती लावायचा आडोसा, गोलच असावा, म्हणजे कोपराच उरत नाही. पिलांखाली पसरलेल्या तुसावर अंथरलेला कागद गुळगुळीत मात्र नसावा; त्यावर पाय फाकून पिले अधू होतात, आणि ते पाहवत नाही.