गोव्यातले ‘शिवराक’ आणि दूधही न घेणाऱ्या माणसाचे गाड्यावरचे खाणे

प्रश्न (पणजीहून)

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने पुण्याहून पणजीला येऊन मला आता दीड वर्ष होत आले. गेली आठ वर्षे मी मांस, मासे आणि अंडी तर सोडलीच आहेत, पण दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. पुण्यात हे फारसे अवघड गेले नाही, कारण कोणता गाडीवाला लोणी वगळून पावभाजी देतो आणि कोणत्या मिसळीवर दही न मागताच घालतात, हे मला वर्षानुवर्षांच्या सरावाने ठाऊक झाले होते. येथे आल्यावर मात्र हा सराव कामाला आला नाही.

हणजूण, आसगाव, हरमल या भागांतल्या उपाहारगृहांत वीगन पदार्थांच्या याद्या असतात आणि ते अन्न चांगलेही असते, परंतु तेथे मला जगाच्या कोणत्याही किनाऱ्यावर मिळेल असे जेवण मिळते, गोव्याचे मिळत नाही. मला येथली माणसे सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी घरी परतताना जे खातात ते खायचे आहे. मागच्या महिन्यात एका गाड्यावर मी ऑम्लेट वगळून नुसता ‘रस’ आणि पाव मागितला. नारळाचा वाटलेला मसाला दिसला, म्हणून निर्धास्तपणे दोन घास खाल्ले, आणि मग तो कोंबडीच्या शागोतीचा (भाजलेल्या नारळ-मसाल्याच्या रश्श्याचा) रस असल्याचे कळले. गाडेवाल्याचा यात काहीच दोष नव्हता, कारण मी विचारलेच नव्हते. तरीही त्या दिवसापासून मी गाड्यांवर खाणे बंद केले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

येथे शाकाहारी अन्नाला ‘शिवराक’ म्हणतात, एवढे मला समजले आहे. शिवराक म्हटल्यावर त्यात दूध-तूप असते की नसते, कोणते पदार्थ मुळातच दुधाविना होतात, आणि विचारताना नेमके कोणत्या शब्दांत विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (म्हापशाहून)

ताई, रसाच्या बाबतीत तुमची जी फसगत झाली ती बाहेरून आलेल्या पुष्कळ लोकांची होते. रस ऑम्लेटमधला रस हा बहुतेक ठिकाणी शागोतीचाच असतो, त्यामुळे ऑम्लेट वगळल्याने तो शिवराक होत नाही. संध्याकाळच्या गाड्यावर तुमच्यासाठी योग्य पदार्थ म्हणजे तोणाक. अळसांदे (चवळीचा प्रकार), वाटाणे किंवा चणे शिजवून त्यांत भाजलेल्या खोबऱ्याचे आणि मसाल्याचे वाटण घालून ते करतात. दिसायला ते रसासारखेच असते, म्हणून भांड्याकडे बोट दाखवून मागू नये, नाव घेऊन मागावे.

तथापि माझा आग्रह असा आहे की तुम्ही सुरुवात संध्याकाळच्या गाड्यावरून न करता सकाळच्या भाजी-पावाच्या हॉटेलातून करावी. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोंसले यांसारखी जुनी ठिकाणे आहेत, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा या प्रत्येक शहरात अशी हॉटेले आहेत जिथे सकाळी बसायला जागा मिळणे कठीण असते. तेथे बटाट्याची सुकी भाजी, वाटाण्यांची पातळ भाजी, टोमॅटोची भाजी आणि तोणाक असे प्रकार असतात. ‘मिक्स’ म्हटले की सुकी आणि पातळ भाजी एकाच बशीत येते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच मागावे असे मला वाटते, कारण पातळ भाजीत भिजलेली सुकी भाजी हीच या न्याहारीची खरी चव आहे. या भाज्या तेलात होतात. लोण्याची पद्धत मुंबईच्या पावभाजीची आहे, आपल्या भाजी-पावाची नाही.

पावाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गोव्याच्या पावाला जोड नाही. पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीतला पाव म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढाच पदार्थ असतो. पूर्वी तो माडाच्या सुरेने आंबवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. दूध आणि अंडे त्यात सहसा नसते. पोयी गव्हाच्या कोंड्यावर लोळवलेली आणि आतून पोकळ असते, उंडो गोल आणि जाड कवचाचा असतो, कांकण बांगडीसारखे कडक असते आणि ते काळ्या चहात बुडवून खावे. पुण्याच्या बेकरीतल्या मऊ, गोडसर पावाची सवय असलेल्यांना पोयी आधी कोरडी वाटते, पण पातळ भाजी शोषून घेण्यासाठी तिच्यासारखे दुसरे काही नाही.

त्याच हॉटेलांत सावध राहावे असे दोन पदार्थ आहेत. बन्स केळ्याचे असतात खरे, परंतु पीठ मळताना त्यात बहुधा दही घालतात. शिऱ्यात तूप असते. मिरचीची भजी, बटाटवडा आणि कापां (भाज्यांचे काप) यांत दुधाचे काही नसते. विचारताना सरळ कोंकणीत विचारावे: “हें शिवराक मू? दूद, धंय, तूप ना मू?” ‘वीगन’ हा शब्द सकाळच्या घाईत वेटरला कळेलच असे नाही, पण पदार्थांची नावे घेतली की लगेच उत्तर मिळते, आणि ते खरे मिळते असा माझा अनुभव आहे.

उत्तर २ (फोंडा तालुक्यातून)

वरील उत्तर योग्य आहे, परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे असे मला वाटते. गोव्यात पदार्थाच्या नावावरून तो शिवराक आहे की नाही हे ठरत नाही, ते वारावरून ठरते. उडीद आणि मेथ्या भाजून खोबऱ्याबरोबर वाटलेली उडदमेथी आमच्या घरी सोमवारी आंबाड्यांची (आंबट रानफळांची) होते आणि मंगळवारी बांगड्यांची होते. वाटण तेच, भांडे तेच आणि चव जवळपास तीच. दुधी, भेंडी किंवा तांबडी भाजी यांसारख्या साध्या भाज्यांतही चवीसाठी सुकी सुंगटे (कोळंबी) किंवा गालमो (बारीक सुका जवळा) घालण्याची रीत आहे, आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते की ‘भाजी आहे’ असे सांगणाऱ्याला आपण काही लपवतो आहोत असे वाटतही नाही. म्हणून “सुंगटां घातल्यांत?” हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. त्याचप्रमाणे नीरफणसाची किंवा वांग्याची रव्यात घोळलेली कापां दुपारच्या जेवणात अनेकदा मासळीच्याच तव्यावर भाजतात. ज्यांना तव्याचेही पथ्य आहे त्यांनी मंगेशी, रामनाथी, कवळे या देवस्थानांच्या परिसरातील भोजनालयांत जावे, कारण तेथे मासळी शिजतच नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शिवराक म्हणजे मांस-मासळीविना, दुधाविना नव्हे. परंतु आमच्या शिवराक स्वयंपाकाचा आधार नारळ आहे. खतखते (अनेक भाज्यांचे), तोणाक, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची), उडदमेथी, सांसव (मोहरीच्या वाटणाचे) यांत दूध-दह्याला मुळी जागाच नाही. सोलकढी नारळाच्या रसाची असते. मणगणे चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचे होते, फक्त काही घरांत काजू तुपावर परततात, तेवढे विचारून घ्यावे. वरणावर वाढलेले तूप आणि शेवटचे ताक किंवा दही सोडले, तर शिवराक पानातले बहुतेक सगळे तुम्हाला चालेल. देशावरून आलेल्या माणसाला हे लवकर लक्षात येत नाही, कारण तिकडे सोवळ्याचे जेवण म्हटले की तूप-दही आलेच.

सध्या श्रावण चालू आहे, आणि वर्षभरात तुमच्यासाठी याहून चांगला महिना नाही. पुष्कळ घरांत या महिन्यात मासळी वर्ज्य असते, त्यामुळे हॉटेलांतही शिवराक थाळ्या वाढतात. गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात अवश्य या. तायकिळो (तुमच्याकडचा टाकळा), कुड्डुक (कुरडू), तेरें (रानअळू), फागलां (करटोली) आणि खाजणाच्या कडेला उगवणाऱ्या नेच्याचे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही आकूर म्हणतो, हे सगळे बायका टोपल्यांत घेऊन बसलेल्या असतात. चतुर्थीच्या आधी माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचा) बाजार भरतो, त्यात तर अशी रानफळे येतात ज्यांची नावे आमच्या मुलांनाही सांगावी लागतात. विकणारीलाच विचारावे, ती कृती सांगते.

नागपंचमीला हळदीच्या पानांतल्या पातोळ्यो करतात. आमचे ख्रिस्ती शेजारी १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला (सणाला) त्याच पातोळ्यो करतात. तांदळाचे वाटण, खोबरे, गूळ आणि हळदीचे पान एवढ्यानेच त्या होतात. आणि रस्त्याच्या कडेला कुणी पानांत बांधलेली रोयणी अळमी (रानातली अळंबी) विकत असेल, तर किंमत ऐकून परत फिरू नये, एकदा तरी ती घेऊन त्यांचे तोणाक करावे.

उत्तर ३ (मडगावहून)

फोंड्याच्या ताईंच्या शेवटच्या वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. रोयणी अळमी वाळवीच्या वारुळावर उगवतात. वाळवी ज्या बुरशीची आपल्या वारुळात जोपासना करते तिचेच ते फळ आहे, म्हणूनच बटण अळंबीसारखी त्यांची लागवड करता येत नाही. मागणी आणि भाव वाढल्यापासून त्या कळ्या असतानाच उपटल्या जातात, छत्री उघडून बीजाणू पसरण्याआधीच, आणि कित्येकदा वारुळही खोदले जाते. अभयारण्यांतून त्या आणणे तर कायद्याच्या विरुद्ध आहे. जी व्यक्ती प्राण्यांना इजा होऊ नये म्हणून दूधही घेत नाही, तिने हे जाणून घेऊन मगच निर्णय घ्यावा असे मला वाटते. अळमीचीच शागोती खायची असेल, तर लागवडीच्या अळंबीची अनेक ठिकाणी मिळते.

आता फेस्त आणि जत्रांविषयी, कारण गाड्यावरचे खाणे म्हणजे फक्त भाजी-पाव नव्हे. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्तापासून गावोगावच्या जत्रांपर्यंत सगळीकडे खाजे मिळते. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांना गुळाचा पाक, आले आणि तीळ लावतात. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ यांचा असतो, त्यामुळे तो तुम्हाला चालावा. बेबिंका या थरांच्या मिठाईत मात्र अंड्यांचा बलक आणि तूप दोन्ही असतात. मार्चपासून मेपर्यंत काजूच्या बागायतींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नीरो मिळतो. बोंडू (काजूची फळे) मळल्यानंतर त्यांतून ठिबकणारा हा ताजा रस दुपारपर्यंत प्यावा, कारण नंतर तो आंबू लागतो. थंडीत बाजारात करांदे आणि कणगां हे कंद येतात. करांदे उकडून मिठाबरोबर खातात आणि त्यांचा किंचित कडवटपणा मला तरी फार आवडतो.

दुकानातून बांधलेला खाऊ घेताना केवळ हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. तो शाकाहाराचा आहे आणि त्यात दूध चालते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये वीगन अन्नासाठी वेगळे नियम केले आणि वेगळे चिन्ह ठरवले, परंतु आपल्याकडच्या घरगुती खाज्या-दोदोलाच्या पुडीवर ते दिसण्याची शक्यता कमीच आहे. तेथे विचारणे हाच मार्ग आहे.

उत्तर २ चे पुढे (फोंडा तालुक्यातून)

अळमीविषयी मडगावच्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या लहानपणी वडील आमच्याच भाटातल्या (बागायतीतल्या) वारुळावरच्या अळमी आणत आणि निम्म्या तशाच ठेवत, “फुडल्या वर्साक जाय” (पुढच्या वर्षासाठी हव्यात) असे म्हणत. आता विकायला येणाऱ्या जुड्यांत बहुतेक कळ्याच असतात हे मीही पाहिले आहे. मी माझे ते वाक्य मागे घेते.

प्रश्नकर्तीकडून (पणजीहून)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सकाळी साडेसातला भाजी-पावाच्या हॉटेलात जाऊन मिक्स आणि पोयी मागितली. शेजारी बसलेल्या काकांनी माझे कोंकणी ऐकून, मी न विचारताच, कोणत्या भांड्यात काय आहे ते सांगितले. बन्समध्ये दही असल्याचे वेटरने स्वतःहून सांगितले. काळा चहा मागितल्यावर त्याला काहीच वेगळे वाटले नाही.

गुरुवारी सुट्टी काढून बाणस्तारीला गेले. तायकिळो ओळखीचा होता, आकूर मात्र मी पहिल्यांदाच हातात घेतला. विकणाऱ्या मावशींनी तो तासून, उकळून, ते पाणी टाकून मगच शिजवायला सांगितले आणि त्यात भिजवलेले चणे घालावेत असे सुचवले. अळमीची एक जुडीही समोर होती, ती घेतली नाही. आकूर आज रात्री शिजवणार आहे. त्यात तेफळे (तिरफळे) घालतात की नाही, हे विचारायचे राहून गेले. फोंड्याच्या ताईंनी तेवढे कृपया सांगावे.

उत्तर २ चे पुढे (फोंडा तालुक्यातून)

आमच्या घरी घालत नाहीत. खोबरे, सुकी मिरची आणि थोडी सोलां (आमसुले) घाला, आणि पाणी दोनदा टाका.