ग्रेनेडीन्समध्ये शिडाची बोट: १० दिवस पुरतील का?

शीड_सुकाणू:
फेब्रुवारीत कॅरिबियनमधल्या ग्रेनेडीन्स बेटांसाठी सेंट व्हिन्सेंटहून ३९ फुटी मोनोहल (एकाच सांगाड्याची बोट) भाड्याने घेतोय. चौघे आहोत, सगळ्यांना मुंबई बंदरात कीलबोट (तळाला जड पातं असलेली शिडाची बोट) चालवायचा सराव आहे. बेक्विया, कॅनूआन, मायरो, टोबॅगो केज, युनियन आयलंड आणि परत, असा बेत आहे. १० दिवस पुरतील का? प्रवाळात शिरायचं आणि नांगर टाकायचं तंत्रही नीट सांगा.

वाऱ्यावरची_वरात:
दिवस पुरतील, पण परतीला एक दिवस जास्तीचा ठेवा. जाताना व्यापारी वारा बाजूने किंवा मागून मिळतो, सगळं सोपं वाटतं. परतताना युनियन ते बेक्विया सरळ रेषेत २६-२७ सागरी मैल, दिशा साधारण ०२० अंश. वारा निव्वळ पूर्वेचा असेल तर एकाच टॅकवर (वारा सतत एकाच बाजूने घेत) पोचाल. तो ईशान्येकडे सरकला की टॅक मारत (वाऱ्यासमोर नागमोडी जात) बसावं लागतं, आणि बेटांमधला प्रवाह बोटीला सतत पश्चिमेकडे ढकलतो. एक नॉटचा (तासाला एक सागरी मैल) प्रवाह पाच तासांत पाच मैल खातो. म्हणून निघाल्यापासूनच लक्ष्याच्या पूर्वेला उंची (वाऱ्याच्या बाजूचं अंतर) राखून ठेवा, शेवटी ती कमावता येत नाही.

वारा १५ ते २५ नॉट धरून चला. डोंगराच्या आडोशातून बाहेर पडण्याआधीच पहिला रीफ घ्या (शीड थोडं गुंडाळून लहान करा). दोन बेटांमधल्या उघड्या पट्ट्यात वारा एकदम वाढतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. तिथे मेनसेलशी (मुख्य शिडाशी) झटापट नको.

लाल_हिरवा:
मुंबईकरांसाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट राहिलीच. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे ठेवतो. कॅरिबियनमध्ये बरोब्बर उलटं, लाल उजवीकडे. भारत बोयांच्या ए विभागात, ते बी विभागात. कार्डिनल खुणा (सुरक्षित पाणी कुठल्या दिशेला ते सांगणाऱ्या) मात्र दोन्हीकडे सारख्याच. सुकाणूपाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवा, दमलेल्या माणसाचा हात जुन्या सवयीनेच वळतो. युनियनच्या क्लिफ्टन बंदरात तर मधोमधच राउंडअबाउट रीफ नावाचं प्रवाळ आहे.

दुसरं, तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. मुंबईत बोट रुतली तर भरती सोडवते. तिथे प्रवाळावर चढलात की भरतीच्या भरवशावर राहू नका.

नांगर_नीट_टाका:
टोबॅगो केजमध्ये शिरण्याची वेळ सूर्य ठरवतो. मायरोकडून जाताना तोंड पूर्वेकडे, म्हणजे सकाळी ऊन डोळ्यांवर आणि पाण्याखालचं काहीच दिसत नाही. ११ ते २ च्या दरम्यान शिरा. बाहेर पडताना पश्चिमेकडे जायचं असतं, तेव्हा सकाळचं ऊन पाठीशी येतं. पोलराइज्ड चष्मा घालून एक जण नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा करा. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळूवरचं उथळ पाणी, तपकिरी-पिवळं म्हणजे प्रवाळ: तिकडे जायचंच नाही. ढगाची सावलीही प्रवाळासारखी दिसते, पण ती सरकते. प्लॉटर (जीपीएसचा नकाशा) वापरा, मात्र डोळ्यांना दिसतं त्याविरुद्ध त्याचं ऐकू नका.

नांगर पांढऱ्या वाळूच्या मोकळ्या तुकड्यातच टाका. समुद्री गवतावर तो नुसता घसरतो, आणि प्रवाळावर टाकणं हा गुन्हाच समजा. हिशोब: पाणी ४ मीटर, नाळ पाण्यापासून १.२ मीटर वर, एकूण ५.२. त्याच्या पाचपट म्हणजे २६; थोडी जास्त धरून ३० मीटर साखळी सोडा. वारा वाढला तर सातपट. बोट वाऱ्याने मागे सरकू द्या, मग रिव्हर्स हळूहळू वाढवत अर्धा मिनिट ताण द्या. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. त्या हलल्या तर नांगर उचलून पुन्हा टाका. शेवटी साखळीला नायलॉनचा स्नबर (झटके झेलणारा लवचिक दोर) लावा, नाहीतर सगळे झटके विंडलासवर (साखळी ओढायच्या यंत्रावर) येतात. मग मास्क लावून नांगर डोळ्यांनी बघून या.

शीड_सुकाणू:
आभार! आयत्या मूरिंग बोयाला (तळाशी कायम बांधलेल्या) बांधलं तर हे सगळं टळेल ना?

नांगर_नीट_टाका:
टळत नाही. बोयाखालचा दोर आणि शॅकल (जोडकडी) बुडी मारून तपासावाच लागतो. होडीतून कुणी येऊन "हा माझा बोया" म्हणालं तर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. केजमध्ये मूरिंग सागरी उद्यानाची आहेत, माणशी प्रवेशशुल्क वेगळं. पूर्व कॅरिबियन डॉलर रोख ठेवा; अमेरिकन डॉलरला २.७० हा दर ठरलेला आहे. बाराडल बेटाजवळ कासवांसाठी दोरांनी आखलेला भाग आहे, तिथे नांगर बंद.

वाऱ्यावरची_वरात:
आणखी एक: १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळाने युनियन, मायरो आणि कॅरियाकूची दाणादाण उडवली. त्याआधीच्या मार्गदर्शिकेतले धक्के, इंधन-पाण्याच्या जागा गृहीत धरू नका. टाक्या बेक्वियातच भरा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, आंघोळ समुद्रात. कॅरियाकूला उतरायचा मोह झाला तर तो ग्रेनेडा देश आहे: आधी युनियनला बाहेर पडण्याचे कागद, मग पिवळा झेंडा लावून कॅरियाकूत प्रवेश, आणि परतताना तेच सगळं उलटं. तुमच्या दहा दिवसांत त्यात अख्खा दिवस जाईल.